ऑनलाइन डीबीटी ग्रुप, २४ आठवडे : साडेतीन स्टार, आणि ते "बीपीडीवाल्या सुंदर असतात" प्रकरण

रिव्ह्यू लिहायला उशीर झालाय, बॅच संपून दीड महिना झाला. पण तेव्हाच लिहायला बसले असते तर एकतर पाच स्टार दिले असते नाहीतर एक, मधलं काही सुचलंच नसतं, आणि ज्यांना बीपीडी (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, भावना नि नाती सतत टोकाला जातात असा मानसिक आजार) आहे त्यांना असं का ते सांगत बसायची गरज नाही. आता डोकं जरा थाऱ्यावर आहे तर लिहून टाकते. सर्व्हिसचं नाव टाकत नाहीये कारण ग्रुपमध्ये ठरलेलं की कोण कोण होतं ते बाहेर जाणार नाही, आणि नाव टाकलं की बॅच ओळखायला कितीसा वेळ लागतो. खाली ज्या दोघांबद्दल लिहिलंय त्यांना विचारून लिहिलंय, बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

तर सर्व्हिस म्हणजे बीपीडी असलेल्यांसाठी ऑनलाइन डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी) स्किल्स ग्रुप. व्हिडिओ कॉल, आठवड्यातून एकदा, दोन तास. एक मेन ट्रेनर मॅडम आणि एक असिस्टंट सर. सुरू झालो तेव्हा १४ जण, संपलो तेव्हा ९. डीबीटीचे चार भाग असतात, माइंडफुलनेस, त्रास सहन करायची स्किल्स, भावना सांभाळायची स्किल्स आणि माणसांशी वागायची स्किल्स, ते सगळे घेतले, कमीजास्त. रोजचं डायरी कार्ड भरायचं, दर आठवड्याला होमवर्क.

आता पहिल्या सेशनला मी काय केलं ते खरं सांगते. सगळे ओळख करून देत होते, कोणाला कधी डायग्नोसिस झालं, कोण दवाखान्यात जाऊन आलंय, आणि मी ऐकतच नव्हते, मी चेहरे बघत होते. एकेक चौकट. ही भारी दिसते, ही ठीक, हा ठीक, हिचं काही कळेना कारण कॅमेरा हनुवटीखाली लावलाय. चक्क मोजत होते. कारण डायग्नोसिस झाल्यावर तीन-चार महिने मी रात्र रात्र जागून हेच वाचत बसलेले की बीपीडीवाल्या मुली भयंकर सुंदर असतात, त्यांच्यात वेगळीच ओढ असते, डोळे वेगळे असतात, एकदा भेटली की आयुष्यभर विसरता येत नाही वगैरे वगैरे. मग मी आरशात बघायचे आणि मला तर बाई असलं काही दिसायचं नाही. म्हणजे हद्द बघा, ज्या आजारात स्वतःबद्दल धड काही वाटतच नाही त्या आजाराच्या परीक्षेतसुद्धा मी दिसण्यात नापास. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मला खरंच वाटलेलं की डॉक्टरांचं काहीतरी चुकलंय, मला बीपीडी नसणार, मी तेवढी देखणी कुठेय.

त्या १४ चेहऱ्यांचा हिशोब काय निघाला म्हणाल तर बसमधून कुठलेही १४ लोक उतरवून उभे केले असते तर जो निघाला असता तोच. एक जण मात्र खरोखर देखणी होती, अशी की बोलायला लागली की बाकीचे क्षणभर गप्प व्हायचे. तिच्या मागे कायम ओढलेला पडदा असायचा म्हणून मी मनातल्या मनात तिला पडदेवाली म्हणायचे (तिला आता माहितीय, चालतंय म्हणाली). आणि एक दादा होते, चाळिशीतले, कॅप घालून बसायचे, फार कमी बोलायचे.

तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात आजार होतो कसा यावर सेशन होतं. मार्शा लिनेहन, ज्यांनी डीबीटी बनवली आणि १९९३ मध्ये त्याचं मॅन्युअल काढलं, त्यांचं म्हणणं असं की दोन गोष्टी एकत्र येतात. एक, माणूस जन्मतःच भावनेला हळवा, म्हणजे भावना पटकन येते, जोरात येते आणि उतरायला वेळ घेते. दुसरं, आजूबाजूचे लोक त्या भावनेला सतत खोटं ठरवतात, एवढं काय त्यात, नाटकं करू नकोस, तुला काय कमी आहे. भाजलेल्या माणसाच्या अंगाला नुसता वारा लागला तरी कळवळतो ना, तसं भावनेच्या बाबतीत कातडीच नाही असं त्या समजावतात. (लिनेहन स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयात होत्या हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा ग्रुपमध्ये दोघीतिघींनी डोळे पुसले. मी नाही. मी घरी एकटी असताना.)

तर यावर पडदेवाली पहिल्यांदा नीट बोलली. म्हणाली माझ्या बाबतीत ते खोटं ठरवणारं वाक्य एकच होतं, एवढी सुंदर आहेस, तुला कसलं दुःख. आई हेच म्हणायची, मैत्रिणी हेच, आणि एकदा फार वाईट अवस्थेत तिला इमर्जन्सीला नेलं तर तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनीपण तिच्याकडे बघून हेच विचारलं, तुझ्यासारखीला काय कमी आहे गं. आणि तिनेही ते मान्य केलं म्हणे, की आपल्याला दुःख व्हायचा हक्कच नाही. पुढची सहा वर्षं कोणी बीपीडी हा शब्द काढला नाही.

मी गप्पच झाले. मी ज्या गोष्टीसाठी तिच्यावर जळत बसलेले, तीच तिच्या गळ्यात अडकलेली. पण लगेच काही मी शहाणी झाले असं नाही हां, पुढच्या आठवड्यातही तिचे केस बघून जळलेच.

असो. या सर्व्हिसला चांगला रिव्ह्यू देतेय तो मुख्यतः एका सेशनमुळे, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

डीबीटीत चेक द फॅक्ट्स नावाचं स्किल आहे. भावना उसळली की आधी नुसतं घडलं काय ते लिहायचं, आणि मी त्याचा अर्थ काय लावला ते वेगळं लिहायचं, मग दोन्ही जुळतात का बघायचं. होमवर्क दिलेलं की बीपीडीबद्दल डोक्यात पक्कं बसलेलं एक वाक्य घेऊन या. मी माझं घेऊन गेले, "बीपीडीवाले दिसायला आकर्षक असतात". वाटलं हसतील. कोणी हसलं नाही, उलट सहा जणांनी अंगठा वर केला, म्हणजे बऱ्याच जणांनी हे कुठे ना कुठे वाचलेलंच होतं. मॅडमनी सव्वा तास त्यावरच घालवला, त्या दिवशीचा ठरलेला विषय राहिला तो राहिलाच (नंतर कधीच पूर्ण केला नाही, हीपण तक्रार आहे माझी), पण पैसे वसूल झाले असं ज्या दिवशी वाटलं तो दिवस हाच.

पहिलं त्या म्हणाल्या, निकष काढा. डीएसएममध्ये (डॉक्टर लोक मानसिक आजार ठरवायला वापरतात ते अमेरिकन पुस्तक) बीपीडीचे ९ निकष आहेत, त्यातले किमान ५ लागतात. सोडून जातील ही भीती, एकदा डोक्यावर घेणं नि एकदा पायाखाली घालणं अशी नाती, मी कोण हेच न कळणं, उतावळेपणा, स्वतःला इजा, मूडचे चढउतार, रिकामपण, राग, आणि ताणात संशय येणं किंवा सुन्न होणं. ९ पैकी ५ किंवा जास्त निवडायचे तर २५६ वेगवेगळे संच होतात, म्हणजे एकाच डायग्नोसिसची दोन माणसं एकमेकांसारखी असतीलच असं नाही. चेहऱ्याबद्दल एक अक्षर नाही त्यात. हे मला माहीत होतं तरी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा बरं वाटलं.

मग विचारलं, तू हे पाहिलंस कुठे? मी म्हणलं सगळीकडे. सगळीकडे म्हणजे कुठे? यादी केली तर निघालं काय, पिक्चर, सिरीज, रील्स, आणि एक्स लोकांनी, म्हणजे आधीच्या पार्टनरनी, लिहिलेल्या लांबच्या लांब पोस्टी. मॅडम म्हणाल्या पिक्चरमध्ये हार्ट अटॅक येणारासुद्धा देखणाच असतो, म्हणून कार्डिओलॉजिस्टला कोणी विचारत नाही की हृदयविकारवाले सुंदर का असतात. यावर मात्र सगळे हसलो.

एक्सवाल्या पोस्टींचं त्यांनी जे सांगितलं ते मला फारच पटलं. समजा एखाद्याला वादळी स्वभावाच्या दहा जणी भेटल्या. त्यातल्या ज्या त्याला दिसायला आवडल्या नाहीत त्यांच्याबरोबर पहिल्या दुसऱ्या भांडणातच तो बाजूला झाला, पुढे आठवणही राहिली नाही, पोस्ट तर लांबच. वादळ सोसून तो टिकला कोणाबरोबर, तर जिची ओढ जबरदस्त होती तिच्याबरोबर. मग वर्षभराने रडत रडत लिहितो कोणाबद्दल, तर तिच्याबद्दलच. म्हणजे गाळणी त्यानेच लावलेली, आणि गाळून उरलेल्यांवरून निष्कर्ष काढतोय की या सगळ्या सुंदरच असतात. जोसेफ बर्कसन नावाच्या डॉक्टरांनी १९४६ मध्ये हॉस्पिटलच्या आकड्यांबद्दल हीच गोष्ट दाखवलेली, की दोन आजारांचा एकमेकांशी संबंध नसला तरी दोन्हीपैकी कशानेही माणूस हॉस्पिटलमध्ये येतो म्हणून तिथल्या पेशंटमध्ये बघितलं तर संबंध असल्यासारखा दिसतो. मी कॉमर्सवाली, मला आकडेमोडीत गोडी नाही, पण हे ऐकून इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

आणि अजून एक, जे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. नात्याच्या सुरुवातीला आपण समोरच्याला कसं बघतो? डोक्यावर घेतो. त्याच्यासारखा कोणी नाही, त्याचा प्रत्येक मेसेज म्हणजे श्वास. आमच्यात याला एफपी म्हणतात, फेव्हरेट पर्सन. आता असं कुणीतरी तुमच्याकडे बघतंय, पूर्ण लक्ष देऊन, तुम्ही म्हणजे जगातलं शेवटचं माणूस असल्यासारखं, तर ती व्यक्ती तुम्हाला सुंदर नाही वाटणार तर काय. ते सौंदर्य चेहऱ्यातलं नसतंच, त्या बघण्यातलं असतं. आणि मग ती नजर मधूनच काढून घेतली जाते, परत मिळते, परत जाते. माणूस त्याला चिकटतो. एक जण ग्रुपमध्ये म्हणाली, म्हणजे आपण सुंदर नाही, आपण फोकस लाइट आहोत. मॅडमनी ते बोर्डवर लिहून ठेवलं.

वयाचाही मुद्दा आला. हा आजार उठून दिसतो तो किशोरवयाच्या शेवटी नि विशीत. पुढे बऱ्याच जणांचा उतरत जातो. अमेरिकेत मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये मेरी झॅनारिनी यांनी १९९२ पासून २९० पेशंटचा पाठपुरावा केला, १० वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं निकषांच्या खाली आली आणि किमान दोन वर्षं खालीच राहिली. (हे ऐकून लगेच उड्या मारू नका, नोकरी, नाती सगळं रुळावर आलेले त्यातले निम्मेच होते. पण तरी.) मुद्दा काय, तर लोकांना दिसणारे बीपीडीवाले बहुतेक तरुण असतात, आणि विशीतलं कोणीही चार दिवस नीट झोपलं तर बरंच दिसतं. पन्नाशीतल्या बीपीडीवाल्या काकूंवर रील कोण बनवणार?

इथे कॅपवाले दादा बोलले. बहुतेक पहिल्यांदाच स्वतःहून. म्हणाले, आणि पुरुष? त्यांना आठ-नऊ वर्षं राग आवरायच्या वर्गाला पाठवत होते. भांडण झालं की रागीट, रडले की दारू प्यायलाय का. बीपीडी शब्द कोणी काढलाच नाही कारण, त्यांचंच वाक्य, "माझ्याकडे बघून कोणाला ती पिक्चरमधली मुलगी आठवत नाही". मॅडमनी आकडे दिले. अमेरिकेत मोठ्या पाहणीत, जी २००८ मध्ये छापून आली, बीपीडीचं प्रमाण पुरुषांत ५.६ टक्के नि बायकांत ६.२ टक्के निघालं, म्हणजे जवळपास सारखंच, पण क्लिनिकमध्ये डायग्नोसिस मिळालेल्यांत चारपैकी तीन बायका अशीच आकडेवारी वर्षानुवर्षं सांगितली जाते. १९९४ च्या एका अभ्यासात थेरपिस्ट लोकांना केस लिहून दिली, तीच केस, फक्त पेशंट पुरुष की स्त्री एवढं बदललं, तर स्त्री लिहिलेलं असलं की बीपीडीचा शिक्का जास्त बसला. दादा म्हणाले हां. बस, एवढंच, हां. पण त्या दिवसापासून ते बोलायला लागले.

असिस्टंट सरांना मी एरवी शिव्या घालणार आहे खाली, पण या दिवशी त्यांनी कमाल केली, घरून वाचून आलेले. चेहऱ्यावरून माणसाचं ठरवण्यावर मानसशास्त्रात जुनं काम आहे. १९७२ मध्ये कॅरन डायन, एलेन बेर्शाइड आणि एलेन वॉल्स्टर यांनी लोकांना नुसते फोटो दाखवले, तर देखण्या चेहऱ्याच्या माणसाचा स्वभाव चांगला असेल, लग्न चांगलं होईल, सुखी असेल असं लोकांनी स्वतःच ठरवून टाकलं. फोटोवरून! मग १९९२ मध्ये अॅलन फाइनगोल्ड यांनी तोपर्यंतचे ढीगभर अभ्यास एकत्र करून बघितलं की देखणी माणसं खरंच तशी असतात का. तर नाही, स्वभावाशी जवळजवळ काही संबंध नाही, चारचौघांत वावरायला जरा सोपं जातं, एकटेपणा जरा कमी, एवढंच. म्हणजे सुंदर म्हणून चांगला हेही खोटं आणि सुंदर म्हणून वेडी हेही खोटं, दोन्ही बघणाऱ्याच्या डोक्यातलं.

आणि उलटा पुरावाही आहे. १९७७ मध्ये मनोरुग्णालयातल्या बायकांचे चेहरे नि बाहेरच्या बायकांचे चेहरे लोकांना तपासायला दिले तर हॉस्पिटलमधल्या बायकांना कमी मार्क मिळाले. ते बीपीडीबद्दल नव्हतं, एकूण मानसिक आजाराबद्दल होतं, पण जिथे झोप नाही, जेवणाकडे लक्ष नाही, औषधांनी वजन वाढलंय तिथे काय वेगळं होणार. बीपीडीवरच म्हणाल तर २०१८ मध्ये जर्मनीत छोटे व्हिडिओ दाखवून बघितलेलं, डायग्नोसिस न सांगता, तर बघणाऱ्यांना बीपीडी असलेली माणसं पहिल्या नजरेत कमी आवडली, कमी भरवशाची वाटली. हे ऐकून ग्रुपमध्ये जी शांतता पसरली ना. मला स्वतःला हे ऐकून दोन दिवस त्रास झाला, खोटं नाही बोलणार. म्हणजे ती आकर्षणाची दंतकथा खोटी निघाली ते ठीक पण तिच्या जागी हे? मॅडमनी तेव्हा नीट सावरलं नाही असं माझं मत आहे, सेशन संपायला पाच मिनिटं उरलेली असताना असलं काही सांगू नये. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाकला त्यांनी, की नकाराची वाट बघत बसलेला माणूस अनोळखी कॅमेऱ्यासमोर अवघडून बसतो आणि ते चेहऱ्यावर दिसतं. पटलं. पण एक दिवस उशिरा.

मग कोणीतरी विचारलं की ते मेकअप, कपडे, केस रंगवणं, ते तरी खरं आहे ना? यावर सरांनी २०१३ चा एक अभ्यास सांगितला, बीपीडीचा नाही, आत्मकेंद्री, कावेबाज आणि निर्दयी अशा स्वभावांचा. लोकांचे आधी आले तसे फोटो काढले, मग मेकअप पुसून, साधे कपडे घालून. असल्या स्वभावाची माणसं नटलेली असताना जरा जास्त देखणी वाटली, मेकअप पुसल्यावर नाही, म्हणजे फरक चेहऱ्यात नव्हता, नटण्यात होता. सर लगेच म्हणाले हे आपल्याला जसंच्या तसं लावू नका, पण एवढं घ्या की दिसणं आणि नटणं वेगळं मोजावं लागतं.

आणि आपलं नटणं कुठून येतं ते पडदेवालीने सांगितलं. ती आमच्या सेशनसाठी दोन तास तयार व्हायची. व्हिडिओ कॉलसाठी! कारण चांगली दिसले नाही तर हे लोकही सोडून जातील. तिला आरशात सुंदर बाई कधी दिसलीच नाही, तिला दिसायच्या चुका. बीपीडीत स्वतःच्या शरीराबद्दल घाण वाटणं बरंच आढळतं, लहानपणी लैंगिक अत्याचार झाले असतील तर जास्तच, शिवाय खाण्याचे आजार सोबत असतात बऱ्याच जणींना. मी दर दोन महिन्यांनी केस का बदलायचे ते मलाही तेव्हा कळलं, मी कोण हे आतून सापडत नव्हतं तर निदान बाहेरून काहीतरी ठरवावं. त्याला लोक स्टाइल म्हणायचे.

यावरून या सर्व्हिसची एक बारीक पण फार चांगली गोष्ट. दोन तास कॉलवर म्हणजे दोन तास स्वतःचं थोबाड बघणं. मॅडमनी दुसऱ्याच सेशनला सगळ्यांना सेल्फ व्ह्यू बंद करायला शिकवलं, म्हणजे बाकीच्यांना तुम्ही दिसता पण तुम्हाला तुम्ही दिसत नाही. मला वाटलं हे काय नवीन, पण फरक पडला, खूप पडला. कुठलाही ऑनलाइन ग्रुप जॉइन कराल तर हे पहिलं करा.

आणि पाण्याचं सेशन, ते तर विसरणारच नाही. भावना अगदी टोकाला गेली की थंड पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखायचा, शरीराला वाटतं पाण्यात बुडी मारली, हृदयाची गती खाली येते. (हृदयाचा त्रास किंवा अॅनोरेक्सिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि दोघांना करू दिलं नाही, चांगलं केलं.) सगळ्यांनी आपापली पातेली, टब घेऊन बसायचं होतं. पडदेवाली म्हणाली मी नाही करणार, सगळा मेकअप जाईल. कोणी आग्रह केला नाही. बाकीच्यांनी तोंडं बुडवली, वर आलो तर एकेक ध्यान, केस चिकटलेले, नाकातून पाणी, दादांची कॅप टबात. आणि तिच्या चौकटीत बघतो तर ती पण वर येतेय, काजळ गालावर, खोकतेय आणि हसतेय. म्हणाली अजून एकदा. पुढच्या आठवड्यात परत दोन तास तयार होऊन आलीच, बरं का. पण त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाली आज दीड तास.

बरं, आता तक्रारी, कारण हे वाचून कोणी डोळे झाकून पैसे भरायला नको.

सगळ्यात मोठी, हे पूर्ण डीबीटी नाहीये. पूर्ण डीबीटी म्हणजे आठवड्याला स्वतःचा थेरपिस्ट, ग्रुप, मधल्या वेळात अडचण आली तर फोनवर कोचिंग, आणि थेरपिस्ट लोकांची आपसातली टीम. इथे यातला फक्त ग्रुप आहे. ठीक आहे, पण साइटवर मोठ्या अक्षरात डीबीटी प्रोग्रॅम लिहिलंय, आणि ग्रुप सोडून बाकी काही नाही हे फॉर्म भरल्यावर कळतं. माझा स्वतःचा थेरपिस्ट होता म्हणून निभावलं, ज्या पाच जणांनी सोडलं त्यातल्या तिघांना नव्हता. जीवाला धोका वाटण्याइतकं काही चालू असेल तर असा नुसता ग्रुप पुरणार नाही, आधी सायकियाट्रिस्ट किंवा इमर्जन्सी, मग हे. औषधांचं म्हणाल तर बीपीडीसाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेलं औषध अजून एकही नाही, सोबतच्या डिप्रेशन-झोपेसाठी देतात, त्यामुळे थेरपी नीट मिळणं हाच कणा आहे आणि तिथेच अर्धवट माल विकला तर राग येणारच.

दुसरं, १४ जणांची बॅच फार मोठी. होमवर्क बघायला माणशी तीन मिनिटं. माझं आठव्या आठवड्यातलं कार्ड कोणी बघितलंच नाही, आणि तो आठवडा नेमका वाईट होता.

तिसरं, असिस्टंट सर. तो एक दिवस सोडला तर स्लाइड वाचून दाखवतात. आम्हाला वाचता येतं हो सर. हँडआउटची भाषा सरकारी पत्रकासारखी, वाचताना आधी भाषा सहन करायची मग दुःख.

चौथं, अॅप. डायरी कार्डची आठवण रात्री अडीचला येते. ज्यांना झोप येत नाही अशा लोकांच्या अॅपवर, अडीचला, "आज कसं वाटलं?" आत्ता वाईट वाटतंय, तुझ्यामुळे.

आणि अर्धा स्टार मी स्पेशली कापलाय तो साइटच्या पहिल्या पानावरच्या फोटोसाठी. खिडकीशी बसलेली मुलगी, वीस-बावीसची, मॉडेल, ओठ थरथरतायत असं वाटावं, गालावरून एकच अश्रू, आणि तोही असा की काजळ हललेलं नाही. आतमध्ये सव्वा तास हेच खोडून काढायचं आणि दारावर हेच टांगायचं? कॅपवाले दादा म्हणाले तो फोटो बघून त्यांनी दोनदा फॉर्म बंद केलेला, वाटलं हे बायकांसाठी आहे. मी मेल केला, शिकवलेलं स्किल वापरूनच, घडलं काय, मला वाटलं काय, हवंय काय, तुमचा फायदा काय, अगदी क्रमाने. उत्तर आलं, फीडबॅकबद्दल धन्यवाद, टीमकडे पाठवलंय.

घ्यावं का? स्वतःचा थेरपिस्ट असेल आणि २४ आठवडे टिकायची तयारी असेल तर घ्या. मी दुसऱ्या राउंडसाठी नाव दिलंय, बरेच जण दोनदा करतात, पहिल्यांदा नुसतं ऐकू येतं आणि दुसऱ्यांदा वापरता येतं असं दादा म्हणतात, ते पण येतायत. पडदेवाली विचार करतेय.

अपडेट : परवा साइट उघडली तर फोटो खरंच बदललाय. आता मुलगा आहे. खिडकी तीच. जबडा बघाल तर कोरून काढलेला, आणि अश्रू एकच. साडेतीन ठेवलेत.